घर कुणाचं? कौटुंबिक नाटकातली माणसं

[दृश्य : मासुंदा तलाव, संध्याकाळ. गडकरी रंगायतनच्या पायऱ्या, मग रिकामा रंगमंच.]

१९७८ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या या गडकरी रंगायतनात आजवर किती दिवाणखाने लागले आणि उतरले, त्याची गणती नाही. एक सोफा, एक खिडकी, मागे स्वयंपाकघराचं दार. मग त्यातलं एखादंच घर प्रेक्षकाला आपलं का वाटतं?

[दृश्य : नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत.]

एक काल्पनिक घर घेऊ. वडील गेलेत, मृत्युपत्र नाही. फ्लॅट त्यांच्या कमाईचा, सोसायटीत नॉमिनी दिलीप. इमारत पुनर्विकासाला निघालीय, म्हणून कागद सरळ करायची घाई. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आई, दिलीप आणि बहीण अलका, तिघांचा वाटा सारखा, एक तृतीयांश. दिलीपला अलकाकडून हक्कसोडपत्र हवंय.

आता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : घर कुणाचं? दिलीप म्हणेल, ज्याने कर्जाचे शेवटचे हप्ते फेडले त्याचं. अलका म्हणेल, जे इथे जन्मले त्यांचं. सून मेधा म्हणेल, सासऱ्यांचं आजारपण ज्याने काढलं त्याचं. उत्तरं वेगळी, आणि आपापल्या जागी प्रत्येकाचं खरं. नाटकाचा आशय या तीन उत्तरांच्या घासाघाशीतून येतो. म्हणून मेधाला कजाग केलं की नाटक तिथेच बसतं. तिला चूक ठरवून प्रेक्षक मोकळा होतो आणि दिलीपचा प्रश्न कुणी ऐकतच नाही.

[दृश्य : तालमीचा हॉल. टेबलावर दोन कप.]

अलका कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते. मेधा तिला चहा देते, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फुलाफुलांच्या कपबशीत. दिलीपच्या हातात रोजचा कान तुटलेला मग. अलका काही न बोलता कपबशी घेऊन आत जाते, आपला जुना स्टीलचा पेला शोधते. भांड्यांचा आवाज येत राहतो. पेला सापडत नाही. ती त्याच कपबशीसकट बाहेर येते.

माहेर कधी सुटलं, हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं. यावर ‘आता मी इथे परकी झाले!’ हे वाक्य घातलं की पेल्याची सगळी किंमत जाते. नवख्या संहितेत हे हमखास होतं, कारण प्रेक्षकाला कळेल की नाही याची धास्ती लेखकाला असते. कळतं. शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं, फक्त भांड्यांचा आवाज तिथपर्यंत पोचला पाहिजे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे माहितीचे संवाद. ‘ताई, बाबांना जाऊन आठ महिने झाले ना!’ बहिणीला हे भाऊ का सांगेल? तारीख हवी असेल तर भिंतीवर न फाडलेलं कॅलेंडर लावा.

एक साधी चाचणी आहे. संहितेतली पात्रांची नावं पट्टीने झाका आणि नुसते संवाद वाचा. कोण बोलतंय हे ओळखता आलं नाही, तर माणसं अजून तयार झालेली नाहीत. अलका कागद वाचायला घेते तेव्हा दिलीप म्हणतो, ‘वाचायचं काय त्यात?’ हे वाक्य मेधाच्या तोंडी बसत नाही. तिने प्रत्येक पान आधीच वाचलेलं असतं.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त, १९८५च्या, घर विदर्भातल्या खेड्यातलं आहे. दारात ट्रॅक्टर गंजतोय आणि घरात तेराव्याच्या खर्चाचा घोर आहे. ज्याने शेत पाहिलेलं नाही त्या ठाणेकरालाही तो ट्रॅक्टर ओळखीचा वाटतो, कारण विकवत नाही आणि चालवता येत नाही असं काहीतरी त्याच्याही घरात असतं. लेखकाने ‘सर्वांना लागू पडेल’ असं मोघम घर लिहिलं असतं, तर ते कुणालाच लागलं नसतं.

[दृश्य : पुन्हा तालीम. कागद, पेन.]

राहिला दुसरा अंक. अलका सही करेल की नाही, हे लेखकाला आधी ठरवावं लागतं. शेवटच्या पाच मिनिटांत दिलीपचं मन पालटवणं ही पळवाट. मध्यंतरापूर्वी त्याची चाहूल नसेल, तर प्रेक्षक चप्पल शोधू लागतो.

आणि आई? घर दिलीपच्या एकट्याच्या नावावर करायचं, तर तिलाही हक्क सोडावा लागणार. दोन अंक तिला कुणी विचारलेलं नाही, बऱ्याचदा लेखकानेही नाही. ती कोपऱ्यात भाजी निवडतेय. अलका पेनाचं टोपण काढते, तेव्हा आई ताट बाजूला सारते, ओला हात पदराला पुसते आणि चष्मा मागते.