वाकडा षटकोन सरळ करणारं १९६३ सालचं सॉफ्टवेअर

[कॅमेऱ्यासमोर, हातात कागद]

नमस्कार मंडळी! हा बघा षटकोन. मीच काढलाय, हसू नका. एक बाजू लांबलीये, एक आखडलीये, आणि हा कोपरा तर पारच भरकटलाय. १९६३ सालच्या एका सॉफ्टवेअरला असला षटकोन दिला असता, तर त्याने तो डोळ्यांदेखत नीट करून दिला असता. त्याचं नाव स्केचपॅड. आयव्हन सदरलँड यांनी ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पीएचडीसाठी लिहिलं.

तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅम म्हणजे पंच कार्डांचा, भोकं पाडलेल्या कार्डांचा, गठ्ठा. तो द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. स्केचपॅड ज्यावर चालायचं, तो एमआयटीच्या लिंकन लॅबमधला टीएक्स-२ कॉम्प्युटर मात्र वेगळा. समोर पडदा, हातात लाइट पेन, आणि तेवढा वेळ अख्खं मशीन एकट्या तुमचं.

[पेन जवळून]

लाइट पेन या नावावर जाऊ नका हं. त्यातून प्रकाश निघत नाही, ते प्रकाश बघतं. कॉम्प्युटर पडद्यावर एक छोटी फुली उमटवतो. तिचा कुठला भाग पेनाला दिसला, यावरून पेन कुठे सरकलं ते त्याला कळतं आणि फुली पेनामागे धावते. मग रेघ संपली हे सांगायचं कसं? पेनाला झटका द्यायचा! फुलीची आणि पेनाची चुकामूक झाली, की रेघ संपली. मशीनची मर्यादा होती, तिचंच बटण करून टाकलं. मी तर यावरच फिदा आहे.

नोव्हेंबर १९६१ पर्यंत पहिला प्रयत्न चालायला लागला होता. पण सदरलँड यांचे गाइड होते क्लॉड शॅनन. त्यांचं म्हणणं, नुसत्या सरळ रेघांवर भागणार नाही, वर्तुळंही हवीत. गाइडने काम वाढवून ठेवणं ही तिकडचीही रीत दिसते.

आता आपला षटकोन.

[स्क्रीनवर ॲनिमेशन]

आधी सांगायचं, सहाही कोपरे या वर्तुळावर बसव. मग सांगायचं, सगळ्या बाजू सारख्या कर. कुठली अट किती मोडलीये हे कॉम्प्युटर मोजतो, बिंदू जरासा सरकवतो, पुन्हा मोजतो, पुन्हा सरकवतो. सगळ्या अटींची एकूण चूक कमी होत जाते आणि... हा बघा, बसला! म्हणजे स्केचपॅड रेघांच्या जोडीला त्यांची आपसातली नातीही लक्षात ठेवत होतं. आजच्या कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण कन्स्ट्रेंट म्हणजे अटी लावतो, ते हेच.

नकलांचीही तीच गंमत. एका मूळ षटकोनाच्या शेकडो नकला जोडून जाळी केली. मग फक्त त्या मूळ षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळासारखा आकार काढला. अख्खी जाळी बदलली, पडद्यावर माशाचे खवले!

आणि मी? या व्हिडिओत चॅनलचा लोगो चौदा ठिकाणी आहे. काल रात्री तो चौदा वेळा हाताने बदलत बसलो होतो.