गाडी क्रॉसिंगला का थांबते? कोकण रेल्वेचे सिग्नल वाचायला शिकूया

[प्लॅटफॉर्मचं टोक. मागे खांबावर लाल दिवा. रिमझिम पाऊस.]

नमस्कार मंडळी. मी आत्ता आडवली स्टेशनवर आहे, रत्नागिरी आणि राजापूरच्या मधलं छोटंसं स्टेशन. दिवा–सावंतवाडी गाडीने कुडाळला निघालोय आणि गाडी थांबून आता वीस मिनिटं झाली. समोरच्या बाकावरच्या आजींनी मगाशी विचारलं, "झिला, गाडी कित्याक थांबली?" डब्यातून कुणीतरी उत्तर दिलं, "क्रॉसिंगाक."

क्रॉसिंग म्हणजे आपली गाडी बाजूला उभी करून दुसरी गाडी जाऊ देणं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं त्या खांबावर लिहिलेलं असतं, दिव्यांच्या भाषेत. ती भाषा अवघड नाही आणि आपण सगळ्यांनी शिकावी असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा व्हिडिओ.

सुरुवात पिवळ्यापासून करतो. सगळे लाल-हिरव्याचं बोलतात, पण ड्रायव्हरचं खरं काम पिवळ्यावर चालतं.

असं बघा. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर जाते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्यात पाऊस. ब्रेक मारला तरी गाडी उभी राहायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं. आता करबुड्याचा बोगदा आठवा, साडेसहा किलोमीटरचा. आपल्या लाइनवर वळणं, कातळातली कटिंगं आणि नव्वदच्या वर बोगदे. लाल दिवा नजरेला पडल्यावर ब्रेक मारायचा म्हटलं, तर गाडी त्या दिव्याच्या पार पुढे जाऊन उभी राहील. म्हणून लालाची खबर आधीच्या खांबावर द्यावी लागते. ती खबर म्हणजे पिवळा.

एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. दोन पिवळे, म्हणजे डबल पिवळा, असतील तर पुढचा सिग्नल ओलांडता येईल, पण वेग आवरूनच. हिरवा म्हणजे पूर्ण वेगाने जा. लाल म्हणजे थांबा. प्रत्येक खांब पुढच्या खांबाची बातमी सांगत असतो.

स्टेशन यायच्या आधी पहिला भेटतो तो डिस्टंट सिग्नल. त्याच्या खांबावर गोल पाटी असते, तिच्यावर 'पी' अक्षर. या सिग्नलला लाल दिवाच नसतो, कारण तो थांबवायला नाही, सावध करायला आहे. त्यानंतर होम सिग्नल, म्हणजे स्टेशनचा दरवाजा. आणि मागे जो दिसतोय तो स्टार्टर, बाहेर पडायचा.

[होम सिग्नलचं चित्र. वर तिरकी पांढरी रांग.]

होम सिग्नलच्या डोक्यावर कधी कधी पाच पांढरे दिवे तिरक्या रांगेत लागलेले दिसतील. याचा अर्थ, तुम्हाला सरळ मेन लाइनने नाही, बाजूच्या लूप लाइनवर घेतोय. आमची गाडी आज तशीच आत आली. डिस्टंटला डबल पिवळा, होमला एक पिवळा आणि वर ती तिरकी रांग. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवतात. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला कळावी म्हणून. रात्री तीन वाजताही म्हणतात. त्यांच्या डोळ्यांची तपासणी कडक असते, रंगांची तर खासच. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा ओळखता आला नाही तर इंजिनात बसता येत नाही.

आता क्रॉसिंग. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि आजही रोहा ते वीर हा दुहेरी झालेला पट्टा सोडला तर आपल्याकडे बहुतेक सगळी एकेरी लाइन आहे. दोन स्टेशनांच्या मधला रूळ एका वेळी एकाच गाडीचा. इथल्या स्टेशन मास्तरला गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर' घ्यावा लागतो. तो मिळाला की पलीकडच्या मास्तरला समोरून गाडी सोडताच येत नाही, यंत्रणाच अडवते. काटे, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणारे हलते रूळ, योग्य दिशेला बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलही सुटत नाही. म्हणजे दिवा लागतो तेव्हा त्याच्या मागे एवढं सगळं जुळलेलं असतं.

आणि यातून प्रवाशाच्या कामाची एक गोष्ट निघते. समोरून येणारी गाडी पास होणार असेल, तर ती आत आली की तुमची वाट मोकळी होते आणि तुम्ही लगेच सुटता. पण मागून आलेली एक्सप्रेस तुमच्या पुढे काढली, तर ती पुढच्या स्टेशनला पोचेपर्यंत तुम्हाला बसावंच लागतं. तेव्हा थांबलात की आधी बघा, गाडी कुठल्या बाजूने येतेय. किती वेळ लागणार याचा अंदाज तिथेच येतो.

[दूरवर हॉर्न. कॅमेरा रुळांकडे वळतो.]

आली. थांबा, हे बघूया. मेन लाइनच्या स्टार्टरवर हिरवा आहे, दिसतोय? आता इंजिन त्याच्या पुढे गेलं की... झाला लाल. कुणी बटण दाबलं नाही. चाकांनी स्वतःच सांगितलं, मी इथे आहे. आणि आता शेवटचा डबा बघा. मागे लाल दिवा लुकलुकतोय. स्टेशनचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा आहे, तो त्याच दिव्याकडे बघतोय. शेवटच्या डब्यावरचा तो दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मधेच तुटून काही डबे मागे राहिले नाहीत. मला रेल्वेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शेवटच्या डब्यापर्यंत कुणीतरी मोजतंय.

पण सिग्नलला सगळंच दिसत नाही. रुळावर गाडी आहे का, हे त्याला कळतं. डोंगरावरून दरड खाली आली, तर ते कळेलच असं नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रात्री रुळावर आलेल्या दगडांवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्या पट्ट्यातली माणसं ती रात्र अजून विसरलेली नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं, मुसळधार पावसात वेग ताशी ४० पर्यंत खाली आणतात, ते याचसाठी. आणि याचसाठी भर पावसात, काळोखात, हातात दिवा घेऊन माणसं रुळांवरून चालत गस्त घालतात. त्यांच्या हातातला दिवा हासुद्धा सिग्नलच. लाल दाखवला की गाडी थांबलीच पाहिजे. हाताशी लाल नसेल तर पांढरा दिवा जोरजोराने हलवला तरी तो थांबण्याचाच इशारा. दिवसा झेंडा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरायचे. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे आणि गावातल्या माणसांनाही माहीत असावं, कारण दरड आधी त्यांना दिसते.

मुंबईतली मेट्रो वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तिथे ड्रायव्हरचा मुख्य सिग्नल खांबावर नाही, त्याच्या समोरच्या पडद्यावर असतो. किती वेगाने जायला परवानगी आहे तो आकडाच दिसतो. तो ओलांडला आणि ड्रायव्हरने काही केलं नाही, तर गाडी स्वतः ब्रेक लावते. आपल्या मोठ्या रेल्वेसाठी 'कवच' ही यंत्रणा साधारण हेच काम करते. कोकणातल्या या घाटात अशी सोय जितकी लवकर येईल तितकी हवी आहे.

आणि एक राहिलंच. मुंबईला गिरणीत असलेले आमचे आजोबा म्हणायचे, "सिग्नल पडला, गाडी येतेय." मला लहानपणी कळायचं नाही, दिवा कसा पडेल? पूर्वी सिग्नलला हात असायचा. आडवा असला तर थांबा, खाली पडला तर जा. हात गेले, दिवे आले, शब्द मात्र आपल्या तोंडी तसाच राहिला.

[मागे स्टार्टरचा दिवा बदलतो. गाडीचा हॉर्न.]

बघा, पिवळा झाला. लूपमधून निघताना बहुतेक वेळा पिवळाच मिळतो, कारण काट्यावरून हळूच जायचं असतं. आजींना मी सांगितलंय, समोरची गाडी गेली की पाच मिनिटांत सुटतो. चला, मला डब्यात चढू द्या.