थेंब खाली, दोष वर

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी मोटारसायकल बाहेर काढताना फरशीवर नखाएवढा तेलाचा डाग दिसला, की बहुतेकांचा हात पान्याकडे जातो. कुठला तरी बोल्ट सैल असेल, आवळून टाकू, असं वाटतं. तो हात आधी फडक्याकडे जायला हवा, हे आज सांगायचं आहे. एक वाक्य लक्षात ठेवा, मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे: थेंब खाली दिसतो, दोष वर असतो.

आधी खाली पडलेलं आहे ते इंजिन ऑइलच आहे का, ते बघा. पांढऱ्या कागदाने डाग टिपा. पेट्रोल असेल तर वास येईल आणि कागद थोड्या वेळात वाळेल. चेनचं वंगण चिकट, काळं असतं आणि मागच्या रिमवर त्याचे शिंतोडे दिसतात. पुढच्या चाकाजवळ डाग असेल आणि शॉकअपच्या नळीवर तेलाचं कडं उमटलं असेल, तर ते फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं ऑइल, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं, जुनं झाल्यावर काळपट असतं आणि बोटांत चोळलं तरी बुळबुळीत राहतं.

घाबरू मात्र नका. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. रात्रीत दहा थेंब पडले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे महिन्याला पंधरा. लहान गाडीत एक लिटरच्या आसपास ऑइल असतं. एवढ्याने इंजिन कोरडं पडणार नाही, फक्त पातळी दर आठवड्याला बघायची. चालत्या गाडीत गळती वाढते, हेही धरून चाला. आणि गळती मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर जात असेल, तर तो थेंब कितीही लहान असो, गाडी तिथेच थांबवा. टायरच्या कडेला तेल लागलं, की वळणावर चाक निसटतं.

आता एका गाडीची हकीकत. ही गळती फार शिकवून जाते, म्हणून सविस्तर सांगतो.

दीडशे सीसीची, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी मोटारसायकल. रोज सकाळी इंजिनाखाली चार-पाच थेंब. वाकून पाहिलं तर ड्रेन बोल्टच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बुडाच्या बोल्टच्या टोकाला एक थेंब लोंबकळतोय. निदान सोपं वाटलं. ऑइल काढलं, बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर बदलला. इथवर योग्यच झालं, कारण हा वॉशर दबून बसण्यासाठीच असतो, दर ऑइल बदलीला नवा घालावा. पण दुसऱ्या दिवशी थेंब तिथेच. मग बोल्ट आणखी आवळला. थेंब तिथेच. मग पान्याला पाइप जोडून आवळला. बोल्ट आधी जड गेला आणि मग एकदम हलका झाला. आटे गेले.

इथे जरा थांबतो. बोल्ट पोलादाचा, केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमचं. त्या दोघांच्या भांडणात हार कायम केसिंगची होते. बारा मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला साधारण पंचवीस ते तीस न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुरतो, कव्हरच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहा-बारा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच खरा. दहा न्यूटन मीटर म्हणजे किती? दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा जोर. म्हणजे फक्त मनगट, खांदा नाही. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेली नसते, याचं मला फार वाईट वाटतं. गाडीबरोबर आलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच असते.

तर, त्या गाडीच्या केसिंगमध्ये तारेचे नवे आटे बसवावे लागले. आणि थेंब? तिथेच. पुढे डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर उघडून पॅकिंग, म्हणजे सांध्यात बसणारा पातळ थर, बदललं, वर भरपूर सिलिकॉनही फासलं. थेंब तिथेच.

तिसऱ्या वेळी गाडी ज्याच्या हाती गेली, त्या मेकॅनिकने पहिला अर्धा तास पान्याला हातच लावला नाही. त्याने थंड इंजिनावर काम सुरू केलं. रॉकेल, जुना ब्रश, फडकी, एवढाच सरंजाम. पेट्रोलने इंजिन कधीही धुऊ नका, एका ठिणगीत अनर्थ होतो. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि वायरिंगच्या जोडांना प्लास्टिक गुंडाळलं. मग वरून खाली, पुढून मागे असं सगळं धुतलं. पुढच्या स्प्रॉकेटवरचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीवरचं, झाकण काढलं, तर आत अंगठ्याएवढा जाड काळा चिखल: चेनचं वंगण, धूळ आणि तेल. तोही खरवडून काढला. कोरड्या फडक्याने पुसलं, अर्धा तास वाळू दिलं. जेट पंपाचा जोराचा फवारा त्याने मुद्दाम टाळला. तो फवारा सीलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठातून आणि वायरींच्या जोडांतून पाणी आत घालतो, आणि मग आपणच नवी दुखणी तयार करतो.

वाळल्यावर अंगाला लावायची साधी पावडर, तिचा पातळ थर ब्रशने इंजिनाच्या डाव्या अंगावर, सांध्यांवर आणि ड्रेन बोल्टभोवती उडवला. गाडी डबल स्टँडवर, इंजिन दहा मिनिटं चालू. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, मग सगळं तेल डावीकडेच ओघळतं आणि फसगत होते.

दहा मिनिटांनी पांढऱ्या पावडरीत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक ओली रेघ उमटली होती. सुरुवात होती गिअर लिव्हरच्या दांड्यापाशी. तिथून ती कव्हरच्या कडेने उतरत, केसिंगच्या बुडाखालून ड्रेन बोल्टच्या टोकाला पोचत होती. खुद्द ड्रेन बोल्टच्या डोक्याभोवतीची पावडर वरच्या बाजूला पिठासारखी कोरडी. म्हणजे ज्या बोल्टचे आटे घालवले, तो पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. थेंब खाली दिसतो, दोष वर असतो.

तर दोष गिअर शाफ्टच्या, म्हणजे गिअर लिव्हरच्या त्या दांड्याच्या, ऑइल सीलचा. लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढून लिव्हर उतरवली. या गाडीत हे सील बाहेरून निघतं. सीलच्या रबराला बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवला आणि पक्कडीने स्क्रू ओढला. स्क्रू ड्रायव्हर खुपसून सील उचकटलं, तर शाफ्टवर ओरखडा पडतो आणि त्यावर बसवलेलं नवं सीलही गळतं. शाफ्टवर नख फिरवून पाहिलं, खाच लागली नाही. शाफ्टच्या टोकाच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे सीलचा नाजूक ओठ दातांवर फाटत नाही. ओठाला ग्रीसचं बोट लावलं. स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे. मग सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट वर ठेवून हलक्या ठोक्यांनी, सरळ, कडेशी समपातळीत येईपर्यंत बसवलं. तिरकं गेलेलं सील ठोकून सरळ होत नाही, ते काढून दुसरंच घालावं लागतं.

गळती थांबली. पंधरा दिवस. आणि पुन्हा चार थेंब.

अशा वेळी पहिली शंका येते की सील नकली असणार. मेकॅनिकने तसं म्हटलं नाही. त्याने पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर टाकली. गिअर शाफ्टवर तीच रेघ. पण या वेळी वर, इंजिनाच्या डोक्यावर, टॅपेटच्या झाकणाच्या ओ-रिंगभोवतीही, म्हणजे गोल रबरी कड्याभोवतीही, पावडर ओली झाली होती. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन सांध्यांतून एकदम तेल यायला लागलं. हे लक्षात ठेवा: दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी गळती दिसली, तर सांध्यांना दोष देण्याआधी आतला दाब तपासा.

पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतली, हवा दाबली जाते. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ज्वलनाचा थोडा वायूही खाली उतरतोच. हे सगळं बाहेर पडण्यासाठी एक नळी असते, ब्रीदर पाइप. ती इंजिनापासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जाते. ती तुंबली की आतला दाब दुसरी वाट शोधतो, आणि सगळ्यात मऊ वाट म्हणजे सीलचा ओठ. नवं सील असो की जुनं, त्याच्यामागून ढकललं गेलं की ते तेल सोडणारच.

मग मेकॅनिकने मालकाला एकच प्रश्न विचारला. गळती सुरू व्हायच्या आधी गाडीचं कुठलं काम झालं होतं? उत्तर आलं, टाकी उतरवून वायरिंगचं. टाकी पुन्हा उतरवली. तिच्याखाली, टाकीची पट्टी आणि फ्रेम यांच्यामध्ये ब्रीदर पाइप चेपून बसला होता. बाहेर काढल्यावरही तो गोल झाला नाही, पायाखाली सापडलेल्या स्ट्रॉसारखा चपटाच राहिला. आत सायीसारखा पिवळसर चिकटा, म्हणजे तेल आणि वाफेचं पाणी एकत्र घुसळून झालेला. त्याने तेलाने न फुगणारी, त्याच आतल्या व्यासाची नवी नळी घातली, पीळ न पडता नेली आणि टाकी बसवण्याआधी बोट फिरवून तिला जागा आहे याची खात्री केली. टॅपेटची ओ-रिंग पुसून तशीच ठेवली. तिच्यातून परत तेल आलं नाही. गिअर शाफ्टही कोरडा राहिला.

थेंब ड्रेन बोल्टला, गळती गिअर शाफ्टला आणि कारण टाकीखाली. थेंब खाली दिसतो, दोष वर असतो, आणि त्या दोषाचं कारण कधी कधी आणखी वर.

दाब वाढण्याचं दुसरं साधं कारण म्हणजे जास्त भरलेलं ऑइल. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं, की फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून फिल्टरच्या डब्यात जातं. पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायला हवं. डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची काडी, आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगाडीत वेगळं असतं. पुस्तिका बघा.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. डोक्याकडून सुरुवात करा: टॅपेट कव्हर, टायमिंग चेनच्या टेन्शनरचं पॅकिंग, हेड (इंजिनाचं डोकं) आणि बोअर (सिलिंडर) यांचे सांधे, मग उजवीकडे क्लच कव्हर आणि किक शाफ्ट, डावीकडे मॅग्नेट कव्हर, गिअर शाफ्ट आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग, तोच तुमचा संशयित, कारण तेल उतारावर खाली आणि वाऱ्याने मागे जातं. स्प्रॉकेटमागचं सील वारंवार जात असेल, तर चेन फार ताणलेली आहे का ते बघा. ताणलेली चेन शाफ्ट ओढते, बेअरिंग झिजवते, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

कव्हरचं पॅकिंग बदलायचं असेल, तर एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, बोल्टांच्या जागी भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचा. बोल्टांच्या लांबीत पाच-दहा मिलिमीटरचा फरक असतो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर तळाला टेकतो, कव्हर दाबत नाही, आणि जोर केला तर केसिंग तडकतं. आखूड बोल्ट लांब भोकात गेला, तर दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि ते आटे घेऊन बाहेर येतो. सांध्यातल्या पोकळ डॉवेल पिना, म्हणजे कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या नळ्या, जुन्या पॅकिंगबरोबर निघून येतात, त्या मोजून परत घाला. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. नवं पॅकिंग बहुधा कोरडंच बसवायचं असतं. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळा.

आणि सिलिकॉन. याबद्दल मी जरा हट्टी आहे. सांध्याबाहेर फुगलेली सिलिकॉनची वळी दिसते, तेवढीच वळी आतही फुगलेली असते. ती तुटली की ऑइलबरोबर फिरते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. थेंब वाचवायला गेलो आणि इंजिनाच्या घशात बोळा घातला, असं होतं. जिथे पुस्तिकेत सांगितलंय, म्हणजे उदाहरणार्थ केसिंगचे दोन अर्धे भाग जिथे कव्हरला मिळतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं. बाहेरून, ओल्या सांध्यावर फासलेलं सिलिकॉन तर काहीच करत नाही. तेलावर ते धरतच नाही.

काम झालं की दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, पातळी बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर फडक्याने सांधा पुसून पुन्हा बघा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकाची जागा त्यावर खडूने आखून ठेवा, म्हणजे डाग पडलाच तर तो इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळेल. काढलेलं ऑइल डब्यात झाकण लावून ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडेच द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.

नमस्कार.