आमदाराचा पगार आणि तुमची पगार स्लिप

श्रोतेहो, नमस्कार.

आमदाराला पगार किती, हा वाद लोकलमध्ये हमखास रंगतो. तर 2016 च्या कायद्यानं त्याचं मूळ वेतन राज्याच्या प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडलं. वर महागाई भत्ता, टेलिफोन, टपाल, संगणकचालकाचे पैसे. माजी झाला की पेन्शन: त्या कायद्यानुसार दरमहा 50,000 आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 ची भर. मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन 2017 मध्ये वाढून झालं 25,000. आणि गल्लीतलं गटार तुंबलं की आपण गाठतो आमदाराला! गटार नगरसेवकाचं, कायदा आमदाराचा. पुन्हा सांगतो, गटार नगरसेवकाचं, कायदा आमदाराचा.

आता हा कायदा करून होतं काय? तुमची फेब्रुवारीची पगार स्लिप काढा. प्रोफेशन टॅक्सच्या, म्हणजे व्यवसाय कराच्या, रकान्यात एरवी 200 असतात, फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2,200 आणि हे 300, झाले 2,500. घटनेच्या 276 व्या कलमानं वर्षाची मर्यादाच तेवढी ठेवली आहे. हा कर आला कुठून?

सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. सभापती, मंत्री नव्हे. हाताशी खातं नाही, तिजोरी नाही, आणि सभागृहात तर दुसऱ्यांना बोलू द्यायचं. पण अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाला गावातच काम मिळालं पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागून तासगाव तालुक्यात प्रयोग करवला. मग 1972 चा दुष्काळ आला, माणसं खडी फोडायला उभी राहिली आणि रोजगार हमी योजना राज्यभर गेली.

गोम पुढे आहे. नुसती योजना सरकारच्या मर्जीवर चालते. पाऊस बरा झाला की वित्त विभाग हात आखडता घेतो. म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांकडून कर, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारची. पाठोपाठ 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पंधरा दिवस, लक्षात ठेवा. एवढ्या एका मुदतीमुळे मजूर तहसीलदारासमोर हक्कानं उभा राहू लागला. केंद्राला असा कायदा करायला 2005 साल उजाडलं.

हल्ली आमदार मोजतात तो निधीवर. बसथांब्यावर थांब्याच्या नावापेक्षा 'यांच्या निधीतून' मोठं! कुठल्या विधेयकावर कोणती दुरुस्ती सुचवली, याचा फलक मात्र कुठे दिसत नाही. असो.

नोकरी म्हणून पाहाल तर राज्यात 288 जागा, मुंबईत 36, पाच वर्षांतून एकदा. वय 25 पूर्ण हवं. पक्षाचा असाल तर शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, पोहोचला पाहिजे. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले. मुंबईत रस्ता ओलांडला की मतदारसंघ बदलतो, म्हणून मतदार यादीतला भाग क्रमांक आधी ताडून पाहा. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणाऱ्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा ठेवू नका; लागू नसेल तर तसं लिहा. नोटीस येऊनही कोरा राहिला तर अर्ज बाद. अनामत 10,000, अनुसूचित जाती-जमातींना 5,000. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ती जप्त.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा, हरलात तरी द्यायचा. हरलेले इथेच चुकतात, आणि मग निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.