मध्येच थांबणारा लूप आणि कंपायलरची सावधगिरी

विद्यार्थिमित्रहो, जळगाव-धुळ्याकडे कापूस विक्रीला आला की आधी ओलावा मोजतात आणि तो १२ टक्क्यांवर गेला, तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर माल घेत नाहीत. आज उदाहरण त्याचेच घेऊ. गाड्यांच्या ओलाव्याचे आकडे एका अ‍ॅरेत ओळीने ठेवले आहेत आणि १२च्या वरचा पहिला आकडा सापडताच थांबणारा लूप आपण सी भाषेत लिहिला आहे. व्हेक्टर रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली अशी जागा, जिच्यातल्या अनेक आकड्यांवर एकाच सूचनेने काम होते; ५१२ बिटांच्या रजिस्टरमध्ये ३२ बिटांचे १६ आकडे मावतात. मग कंपायलरने सोळा-सोळा आकडे एकदम का तपासू नयेत?

उत्तर बरोबर आणणे ही यातली सोपी बाजू आहे. सोळा तुलनांचे निकाल एका मास्कमध्ये, म्हणजे दर तुलनेला एक अशा ० किंवा १च्या ओळीत, येतात; त्यातला सर्वांत आधीचा १ शोधायचा आणि पुढचे सोडून द्यायचे. अवघड आहे तो वाचण्याच्या परवानगीचा प्रश्न. मूळ लूप चौथ्या आकड्यावर थांबणार असेल, तर पाचवा आकडा प्रोग्रामने कधी मागितलेलाच नसतो. फंक्शनला पॉइंटरबरोबर ‘एन’ दिला आहे, म्हणजे तेवढे आकडे मेमरीत असणारच, असे अनेक जण गृहीत धरतात. वास्तविक ‘एन’ ही केवळ लूपच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा आहे. चारच आकड्यांचा अ‍ॅरे देऊन ‘एन’ १००० पाठवणारा प्रोग्राम, चौथा आकडा १२च्या वर असेल तर, सीच्या नियमांत पूर्णपणे बसतो. (असा प्रोग्राम लिहू नये, हे माझे मत, पण कंपायलरला मत असून चालत नाही.) मेमरी वाचण्याची परवानगी पेज नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यागणिक ठरते. त्यातला पाचवा आकडा वाचण्यास बंदी असलेल्या पेजवर पडला, तर मूळ लूप सुखरूप संपेल आणि व्हेक्टर रूप मात्र सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळेल.

अ‍ॅरे त्याच फंक्शनमध्ये ठरावीक आकाराने घोषित असेल आणि लूपची मर्यादा त्या आकारात बसत असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. तसे नसताना वापरायची युक्ती मला विशेष देखणी वाटते. सुरुवातीचे काही फेरे एकेक करून चालवायचे आणि पत्ता ६४च्या पटीत आला की ६४ बाइटांचे ठोकळे वाचू लागायचे. एक्स८६ प्रोसेसरांवर सर्वांत लहान पेज ४०९६ बाइटांचे असते आणि ४०९६ला ६४ने पूर्ण भाग जातो, म्हणून असा ठोकळा दोन पेजांवर कधीच पसरत नाही. ठोकळ्यातला पहिला आकडा मूळ लूपही वाचणारच होता. अर्थात तो वाचता येत असेल, तर उरलेले पंधराही वाचता येतात. मात्र दोन अ‍ॅरे एकत्र तपासायचे असून त्यांचे पत्ते ६४च्या पटीपासून वेगवेगळ्या अंतरावर असतील, तर एक जुळवताना दुसरा सुटतो.

आर्म प्रोसेसरांच्या एसव्हीई या व्हेक्टर सूचनासंचात आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांच्या व्हेक्टर विस्तारात यासाठी वेगळ्या लोड (मेमरीतून वाचण्याच्या) सूचनाच आहेत: पहिल्या आकड्यावर फॉल्ट आला तरच तो खरा मानला जातो, पुढे आला तर कुठवर वाचून झाले एवढेच कळते.

मेमरीत लिहिण्याला मात्र ही सवलत नाही, कारण जादा वाचलेले टाकून देता येते, जादा लिहिलेले तिथेच राहते. २०२४च्या जीसीसी १४ या कंपायलरमध्ये असे लूप व्हेक्टरमध्ये बदलण्याची सोय आली, तीत लिहिण्याचे काम ठोकळ्यातल्या थांबण्याच्या सर्व अटी तपासून होईपर्यंत मागे ढकलले जाते. त्यासाठी, ज्या वाचनांच्या पुढे हे लेखन सरकवले त्यांचे पत्ते लेखनाच्या पत्त्यांशी जुळत नाहीत, हे सिद्ध व्हावे लागते. तसे झाले नाही, तर लूप आहे तसा ठेवणेच योग्य.