पाच चिंचोके

(दृश्य : घराची ओसरी. फरशीवर ओळीने मांडलेले चिंचोके.)

ओसरीवर बसलेली ही साडेतीन वर्षांची मुलगी एकपासून दहापर्यंतचे अंक न अडखळता म्हणते, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर तिला ते म्हणून दाखवावे लागतात. आज आजीने तिच्यापुढे पाच चिंचोके मांडले आहेत. मुलीचे बोट ओळीवरून सरकते, तोंडातले अंक बोटाच्या पुढे धावतात, आणि बोट शेवटच्या चिंचोक्यावर पोचेपर्यंत तिचे सात म्हणून झालेले असतात. “मग किती आहेत गं?” असे आजी विचारते. उत्तर देण्याऐवजी मुलगी पुन्हा पहिल्या चिंचोक्यापासून सुरुवात करते.

अंक म्हणणे आणि वस्तू मोजणे ही दोन निराळी कामे आहेत. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, एकही वस्तू सुटून चालत नाही, अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवावा लागतो, आणि शेवटी उच्चारलेला अंक हे शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून सगळ्या चिंचोक्यांची मिळून संख्या आहे, हे उमगावे लागते. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली, त्यांत या गोष्टी येतात. आपण मोठी माणसे हे सारे एका दमात करतो; त्यामुळे यात शिकण्यासारखे काही आहे, हेच आपल्या लक्षात येत नाही.

आजी चूक दाखवत नाही. ती एक रिकामी वाटी पुढे सरकवते आणि प्रत्येक चिंचोका वाटीत टाकायला सांगते. आता मोजलेले वाटीत आणि न मोजलेले फरशीवर अशी आपोआप विभागणी होते, आणि चिंचोका पडल्याचा आवाज येईपर्यंत तोंडालाही थांबावे लागते. धान्य मापणारा माणूस पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, पण शब्द आणि माप यांची जोडी तो कधी चुकू देत नाही. वाटी मुलीला नेमकी हीच सवय लावते.

(दृश्य : स्वयंपाकघर. पाने घेण्याची वेळ.)

घरातला मोजणीचा सर्वांत चांगला खेळ दिवसातून दोनदा आपसूक घडतो. “आज पाच पाने आहेत, वाट्या घेऊन ये,” असे सांगितले की मुलाला पाच ही संख्या मनात धरून फडताळापर्यंत जावे लागते, तिथे पाचव्या वाटीशी थांबावे लागते आणि परत यावे लागते. समोरच्या वस्तू मोजण्यापेक्षा हे काम बरेच अवघड आहे. दहापर्यंत घडाघडा म्हणणारे मूल ‘तीन दे’ म्हटल्यावर ओंजळभर वस्तू पुढे करते, ही बालमानसशास्त्रातली वारंवार तपासलेली गोष्ट आहे. येथे चूक सांगायला शिक्षक लागत नाही. वाटी नसलेल्या पानावर बसलेले आजोबा पुरेसे असतात.

(दृश्य : अंगण. कोळशाने आखलेली दहा घरे.)

सापशिडीचा शंभर घरांचा पट चार वर्षांच्या मुलासाठी फार मोठा असतो, शिवाय त्यातल्या ओळी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे धावतात. त्यापेक्षा अंगणात एका सरळ रेषेत आखलेली दहा घरे बरी. अशा दहा घरांच्या पटावर थोडे दिवस खेळल्याने लहान मुलांची संख्यांची समज वाढते, असे गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांना अमेरिकेतल्या अभ्यासात २००८ मध्ये आढळले. पथ्य एकच पाळायचे. पाचव्या घरातून दोन घरे पुढे जाताना मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणावे. फाशाऐवजी चिंचोक्यांचे चार अर्धे भाग टाकता येतात. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे. काही दिवसांनी मूल पांढऱ्या बाजू न मोजता, नुसते पाहून ‘तीन’ म्हणू लागते.

दहाच्या पुढे मात्र मराठी मुलाची वाट चढणीची आहे. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि लिहिताना आधी दोन लिहायचे असतात, म्हणून कित्येक मुले ५२ लिहितात. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. या हिशेबाने एखाद्या मुलाने नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ म्हटले, तर तर्क त्याचाच बरोबर आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांच्या याच अडचणीचा होता. वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी शाळेपूर्वीच्या वयात शंभरापर्यंत पाठ करून घेण्याची घाई कशासाठी, हा प्रश्न उरतोच. त्या वयात झाडूच्या दहा काड्यांची एक जुडी बांधणे आणि जुडीशेजारी दोन सुट्या काड्या ठेवून ‘बारा’ म्हणणे अधिक उपयोगाचे आहे.

या साऱ्याला महाग साहित्य लागत नाही, हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी दाखवून दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात माँटेसरी पद्धतीच्या विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी आणि खड्यांनी घेतली. साहित्य साधे चालते, तसे मोजणीचे शब्दही कोणतेही चालतात. विटीदांडू खेळणारी मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत आली, ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हते. तरी मोजणीत कधी घोटाळा झाला नाही.

(दृश्य : पुन्हा ओसरी. संध्याकाळ.)

मुलीने पाच चिंचोके मोजून ‘पाच’ असे उत्तर दिले आहे. आता आजी तेच चिंचोके लांब लांब पसरते आणि विचारते, “आता किती?” मुलगी लांबलेल्या ओळीकडे पाहते आणि “खूप झाले” असे म्हणते. आजी हसते, काही बोलत नाही आणि वाटी पुढे सरकवते. पहिला चिंचोका वाटीत पडतो.