गॉलवेला उतरायचं कुठं?

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात उतरायचं कुठं, एवढाच आजचा विषय. काय बघावं, काय खावं हे सांगायला पुष्कळ मंडळी आहेत. राहायची जागा मात्र जो तो मोबाइलवरचे तारे मोजून ठरवतो, आणि त्या ताऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. टॉवेल पुरेसा पांढरा नव्हता म्हणून दोन तारे कापणारा माणूस आणि मी, आम्हाला एकच घर आवडेल कसं?

आधी व्हिसाचं सांगते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेला व्हिसा तिथं चालत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि राहणार कुठं हे त्या अर्जातच दाखवावं लागतं. म्हणून आरक्षण रद्द केलं तर पैसे परत मिळतील असंच करा. पुन्हा सांगते, पैसे परत मिळतील असंच.

आता गाव डोळ्यांसमोर आणा. डब्लिनहून आगगाडीनं साधारण अडीच तास लागतात, आणि गाडी थांबते ती एअर स्क्वेअर नावाच्या चौकाच्या कडेलाच. बसचा तळही तिथून हाकेच्या अंतरावर. 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी या चौकात भाषण करून गेले, म्हणून इथल्या बागेला त्यांचं नाव आहे. आजूबाजूला हॉटेलं आहेत. एकच रात्र काढायची असेल, पहाटे बस पकडायची असेल, तर इथंच उतरा.

चौकातून शॉप स्ट्रीटनं खाली चालत गेलं की क्वे स्ट्रीट, आणि टोकाला नदीकाठी स्पॅनिश आर्च, 1584 सालच्या तटबंदीचा राहिलेला तुकडा. ही सगळी गजबज पबांची. फिडल, बासरी, पायांचा ठेका, फार सुंदर असतं. पण पब बंद झाले तरी गाणारे बंद होत नाहीत, ते गात गात तुमच्या खिडकीखालून घरी जातात. इथं राहायचंच असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. आणि छत्री घरी ठेवा. गॉलवेचा पाऊस आडवा येतो, छत्री पहिल्या कोपऱ्यावरच उलटी होते. टोपीचा रेनकोट घ्या. आपल्याकडे रेनकोट घातलेल्या मोठ्या माणसाला लोक का हसतात, मला कळत नाही.

नदीचं नाव कॉरिब. सरोवरातून निघून जेमतेम सहा किलोमीटरांत समुद्राला मिळते, त्यामुळे पाण्याला ओढ अशी की पुलावर उभं राहिलं की बघतच राहावं. पूल ओलांडला की क्लाडा, जुना कोळीवाडा. आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं अर्ध्या तासाच्या चालीवर सॉल्टहिल. चालायचं नसेल तर एअर स्क्वेअरहून 401 नंबरची बस. सॉल्टहिलला समुद्राला लागून लांबलचक फरसबंदी वाट आहे, तिला प्रॉम म्हणतात. वाट संपते तिथल्या भिंतीला लाथ मारून परत फिरायची पद्धत आहे. का, ते कुणी सांगत नाही, पण मारतात सगळे. शेजारीच ब्लॅकरॉकचा मनोरा, त्यावरून लोक बारा महिने त्या गारठलेल्या पाण्यात उड्या मारतात.

आणि याच सॉल्टहिलमध्ये आहेत ती बी-अँड-बी घरं. खोली आणि सकाळची न्याहारी. आपल्याकडे कोकणात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी असते ना, त्याच जातीची. तर आता माझ्या आत्याची गोष्ट सांगते.

आत्या मंगळवेढ्याची. पंढरपूर उशाशी. वाऱ्या केलेली बाई. तिला घेऊन गेले तो जुलै महिना होता, शहरात आर्ट्स फेस्टिव्हल चालू, मध्यावरची हॉटेलं भरलेली. म्हणून सॉल्टहिलला एका बाईंच्या घरी खोली घेतली. बाई सत्तरीच्या, घर त्यांचंच, खाली त्या राहतात, वरच्या खोल्या पाहुण्यांना. संध्याकाळी पोचलो, चहा झाला, आणि बाईंनी कागद पुढं केला, उद्या न्याहारीला काय काय हवं त्यावर खुणा करा. आत्या म्हणाली, 'तिला सांग, उद्या आषाढी आहे, मी काही घेणार नाही.'

मी भीत भीत सांगितलं. वाटलं, आता या बाईंना एकादशी कुठून समजावू! तर बाईंचा पहिला प्रश्न काय? 'सुटतो कधी?'

मी आत्याला सांगितलं. आत्यानं खुर्ची पुढं ओढली. म्हणाली, 'हिला कळतंय गं.'

मग आत्यानं पिशवीतून डबा काढला. साबुदाणा. डब्लिनलाच धुऊन भिजत टाकलेला. बाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की विचारू नका. त्यांना साबुदाणा माहीत होता! नन्सच्या शाळेत, वसतिगृहात, दुधात शिजवून गोड लगदा करून वाढायचे, आणि पान टाकलं तर उठू द्यायचे नाहीत. पन्नासहून जास्त वर्षांचा राग होता तो. आत्याला ते सांगितलं तर ती म्हणाली, 'दुधात? मग राग येणारच. उद्या सकाळी मला दहा मिनिटं चूल दे म्हणावं.'

आता लक्षात घ्या, अशा घरांत पाहुण्यांना स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत. आणि ते बरोबरच आहे. खोलीत शेगडी पेटवणारे आपले लोक मला माहीत आहेत, त्यांच्यापायी दुसऱ्यांना बोलणी बसतात. पण बाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या.

सकाळी काय दृश्य! दाण्याचं कूट नव्हतं, तर बाईंच्या कपाटातले खारे दाणे पंचात गुंडाळून लाटण्यानं कुटले. आत्यानं चाखून पाहिलं, 'मीठ आलंच की,' म्हणून वरून मीठ घातलं नाही. तूप नाही, लोणी घेतलं. बटाटा तिथला लालसर सालीचा, पिठूळ, हातात घेतल्याबरोबर आत्या खूश. जिरं आणि वाळल्या मिरच्या तिच्या पुरचुंडीतल्या. मिरची लोण्यात पडायच्या आधीच बाई उठल्या, मागचं दार उघडलं, आणि धूर झाला की छतावरचा जो भोंगा वाजतो, त्याच्याखाली पंचा हलवत उभ्या राहिल्या. खिचडी उतरेपर्यंत त्या बाई पंचा हलवतायत आणि आत्या परततेय.

बाईंनी चमचाभर घेतली. मग बशीभर घेतली. म्हणाल्या, 'शाळेत ह्यात मीठ घालावं हे कुणालाच कसं सुचलं नाही?'

मग टेबलाशी बसून दोघींचं जे चाललं! मी मधे दुभाषी. बाईंनी तरुणपणी लॉख डर्गची यात्रा केलेली. डोनेगॉलमध्ये एका सरोवरातलं बेट आहे, तिथं तीन दिवस अनवाणी राहायचं, पहिली रात्र जागून काढायची, दिवसाला एकदाच कोरडा पाव आणि बिनदुधाचा चहा. फारच भूक लागली तर गरम पाण्यात मीठ-मिरपूड घालून प्यायची, त्यालाच तिथं सूप म्हणतात. आत्या म्हणाली, 'मिऱ्याचं पाणी? चालतं की उपवासाला.' बाईंची आई मेयो परगण्यातल्या क्रोक पॅट्रिक डोंगरावर अनवाणी चढायची. 764 मीटरचा डोंगर, वर नुसते सुटे दगड. जुलैचा शेवटचा रविवार हा तिथला मोठा दिवस. आत्यानं विचारलं, 'किती दिवस चालत जातात?' एकाच दिवसाचं चढण, म्हटल्यावर आत्या जरा सैल बसली. वारीचे दिवस बोटांवर मोजून दाखवले तिनं.

मधेच बाईंनी विचारलं, लिओ वराडकरांचे वडील तुमच्याच बाजूचे ना? हे वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. मला वाटलं आत्या कौतुकानं मान डोलावेल. ती म्हणाली, 'ते मालवणकडचे. आम्ही मंगळवेढ्याचे.' हे मी भाषांतरात थोडं मऊ केलं.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. न्याहारी आठची असते त्या घरात. पण 'सुटतो कधी' हे बाईंनी विचारून ठेवलं होतं. साडेसहाला खाली आलो तर टेबल मांडलेलं, ओट्सची खीर, गव्हाचा तपकिरी पाव, वेगळ्या तव्यावर परतलेले टोमॅटो आणि अळंबी. आणि एक सूचना त्यांनी स्वतःच केली, तीच तुम्हालाही करते. तिथल्या न्याहारीत ब्लॅक पुडिंग नि व्हाइट पुडिंग असतं, ते गोड नसतं. दोन्ही डुकराच्या मांसाचे प्रकार, काळ्यात रक्तही असतं. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच स्पष्ट सांगा. आदल्या रात्रीच.

तर बी-अँड-बी घेताना विचारायचं ते हे, मालक त्याच घरात राहतात का? हल्ली दाराशी किल्लीची पेटी, तिचा आकडा फोनवर, आणि आत कुणीच नाही, अशी घरंही बरीच झालीत. विचारून घ्या, मालक घरात राहतात का. दुसरं, ही साधी दुमजली घरं, लिफ्ट नसते, जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मागा. न्हाणीघरात छताला दोरी लोंबताना दिसली तर ती ओढायची, गरम पाण्याचा शॉवर बऱ्याचदा तिच्यावरच चालतो.

माझा वेळ बराचसा आत्यानं खाल्ला, आता उरलेलं भराभर सांगते. चारपाच जण मिळून जात असाल आणि स्वतः रांधायचं असेल, तर उन्हाळ्यात विद्यापीठाकडच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या प्रवाशांना भाड्यानं मिळतात, स्वयंपाकघरासकट. तिथून नदीकाठानं गावात चालत येता येतं. ॲरन बेटांवर जाणार असाल तर बोट गॉलवेच्या धक्क्यावरून सुटते की रॉसाव्हीलहून, हे तिकीट काढतानाच बघा. रॉसाव्हील गावाबाहेर लांब आहे, तिथं नेणारी बस शहराच्या मध्यातून निघते, आणि सकाळच्या त्या बससाठी सॉल्टहिलहून वेळ धरून निघावं लागतं.

आणि तारखा. जुलैच्या शेवटाला बॅलीब्रिटच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो. त्या आठवड्यात एअर स्क्वेअर काय आणि सॉल्टहिल काय, दर चढलेले आणि खोल्या महिनोन् महिने आधी गेलेल्या. घोड्यांत रस नसेल तर त्याच्या आधी जा किंवा नंतर जा, आणि घोड्यांत रस असेल तर आज संध्याकाळीच पत्र टाका. नमस्कार.